ग्लोव्हरसाहेबांचा कॅथलिक

बेलफास्टकडच्या आमच्या ड्रमकीली गावात नवा माणूस भेटला की आधी नाव विचारायचं, मग शाळा विचारायची. तिसरा प्रश्न लागत नाही. शाळेला संताचं नाव असेल तर माणूस कॅथलिक, सरकारी शाळा असेल तर प्रोटेस्टंट. नावावरूनच कळलं तर शाळाही कुणी विचारत नाही, नुसतं "हं" म्हणतात. मॅलकी डेव्हेनी ग्लोव्हर बेकरीच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं नाव सांगितलं, तेव्हा पाव गुंडाळायच्या टेबलावरच्या आम्ही सगळ्या बायकांनी एका सुरात "हं" म्हटलं.

त्याआधी आमच्या बेकरीत कॅथलिक माणूस नव्हताच. कुणाला हाकललं होतं असं नाही, आत घेतलंच नव्हतं. जागा रिकामी झाली की आतल्याच कुणाचा भाचा नाहीतर मेव्हणा यायचा, आणि भाचे-मेव्हणे सगळे एकाच बाजूचे. मालक सॅम्युअल ग्लोव्हर रविवारी दोनदा चर्चला जायचे आणि उरलेले सहा दिवस त्याची आठवण करून द्यायचे. ते म्हणत, "आमच्याकडे भेदभाव कसला? भेदभाव करायला समोर दुसरं कुणी असावं तरी लागतं."

नव्वदच्या सुमारास कायदा कडक झाला. आपल्याकडे कुठल्या बाजूची किती माणसं आहेत ते मालकांनी दरवर्षी कळवायचं, आणि सगळी एकाच बाजूची निघाली तर का, तेही सांगायचं. हे तपासायला नेमलेल्या सरकारी आयोगाची एक बाई बेकरी बघायला आली. तिनं चहा घेतला, तव्यावरची बटाट्याची भाकरी लोणी लावून खाल्ली, छान आहे म्हणाली, आणि निघताना हातमोजे घालता घालता म्हणाली, "पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूचेही चेहरे दिसू देत, मिस्टर ग्लोव्हर."

म्हणून मॅलकीला नोकरी लागली.

तिशीतला, किडकिडीत, कान बाहेर आलेले. डोंगरातल्या मावशीकडे वाढलेला, आणि तव्यावरची भाकरी तिच्याकडूनच शिकलेला. ग्लोव्हरसाहेबांनी त्याचा तवा मुद्दाम रस्त्याकडच्या खिडकीत मांडला. आयोगाची बाई नुसती मोटारीतून गेली तरी तिला तो दिसावा, हा हेतू. तिला दिसला की नाही कोण जाणे, पण गावाला दिसला. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन बायका काउंटरशी येऊन कुजबुजल्या, "सगळ्या भाकऱ्यांना तोच हात लावतो का हो?"

साहेब हात वर करून म्हणायचे, "कायदा आहे, बाई. मी काय करणार?" गारपीट झाल्यासारखं म्हणायचे.

बायका नाक मुरडून भाकरी न्यायच्या. पुढच्या आठवड्यात त्याच बायका दोन पाकिटं जास्त न्यायच्या, नाक तसंच मुरडलेलं. वर्षभरात खिडकीसमोर रांग लागायला लागली. बेकरीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर साहेबांनी मॅलकीचा फोटो छापला आणि आल्यागेल्याला ते त्याच्यापुढे उभं करून सांगायला लागले, "हा आमचा कॅथलिक."

मॅलकी पिठाचे हात पुसत पाहुण्याला म्हणायचा, "आणि हे आमचे प्रोटेस्टंट. स्वभावानं बरे आहेत."

साहेबांना हा विनोद वाटायचा. ते हसायचे.

भट्टीवरचा मुकादम होता मर्व्हिन टॉश. रुंद खांद्यांचा, अबोल, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. बारा जुलैच्या मिरवणुकीत तो मोठा ढोल वाजवायचा. ही मिरवणूक म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी आमच्या बाजूनं त्यांच्या बाजूला हरवलं, त्याचा दरसालचा गलका. त्यात ढोल वाजवणं हा मोठा मान. असला माणूस मॅलकीशी पहिले सहा महिने बोललाच नाही. मग एके दिवशी मॅलकीच त्याला म्हणाला, "मुकादम, तुमचा ढोल आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येतो. दुसऱ्या कडव्यात ठेका घसरतो तुमचा."

मर्व्हिननं फावडं खाली ठेवलं. आता मारतो की काय, असं आम्हाला वाटलं. तो म्हणाला, "रस्त्याला तिथे चढ आहे."

"मग चढाच्या आधी दम घ्या."

पुढच्या जुलैत ठेका घसरला नाही. तेव्हापासून ते दोघं भट्टीशेजारी बसून डबा खायला लागले.

मर्व्हिनची आई गेली आणि मॅलकी त्याच्या घरी भाड्यानं राहायला आला. ते घर प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर, माझ्या भिंतीला भिंत लागून. आमच्या गल्लीत फुटपाथच्या कडाही आमच्या बाजूच्या झेंड्यासारख्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवलेल्या. त्या गल्लीत कॅथलिक भाडेकरू. टेबलावर माझ्याशेजारी बसणारी टेसी आमच्या समोरच राहायची. तिनं खिडकी सोडली नाही.

"एड्ना," ती मला म्हणाली, "त्यांच्या रंगाचे हिरवे पडदे लावले तर काय करायचं गं?"

"पडदे मर्व्हिनच्या आईचे आहेत. तपकिरी."

"आज आहेत."

एका शनिवारी कुणीतरी त्यांच्या बैठकीच्या काचेवर दगड मारला. मर्व्हिननं काच बसवली. मग मिरवणुकीचा गणवेश चढवला, कमरेला पट्टा बांधला, ढोल गळ्यात घातला आणि भर दुपारी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटाच वाजवत गेला. एकेका दारासमोर थांबून वाजवला. कुणी काही बोललं नाही, कारण ढोल आमचाच होता. गणवेशाला कडक इस्त्री होती, ती मॅलकीनं केलेली.

मग धर्मगुरूंच्या फेऱ्या सुरू झाल्या. मॅलकीच्या चर्चचे फादर मलग्रू आले. "एका प्रोटेस्टंटाच्या छपराखाली राहतोस, मॅलकी. तुझ्या आत्म्याची काळजी वाटते मला."

"छप्पर गळत नाही, फादर."

पुढच्या आठवड्यात मर्व्हिनकडे आमचे पाद्री अर्व्हिन आले. भाडेकरूनं घरात मूर्तीबिर्ती मांडल्यात का, हे त्यांना पाहायचं होतं. दोघांनीही बैठकीतल्या चारी भिंती नीट तपासल्या, चहा घेतला, भाकरी खाल्ली. वर झोपायच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याकडे दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही. दोन धर्मांची माणसं एका घरात राहतात, हा अनर्थच एवढा मोठा होता की त्यामागे आणखी काही असेल हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही.

तुला ठाऊक होतं का, असं लोक आता मला विचारतात. आमच्या मधली भिंत पातळ. भांडी कुणी घासायची आणि खिडकी कुणी उघडी ठेवली यावरून दोन माणसं वर्षानुवर्षं ज्या सुरात वाद घालतात, तो सूर भाडेकरूचा नसतो. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

असं बरंच चाललं. दगड थांबले. दोन्ही बाजूंचे बॉम्बही थांबले. बेकरीत आणखी कॅथलिक आले आणि मॅलकीचं नवल संपलं. मग आणखी एक कायदा आला. माणूस कुणावर प्रेम करतो, बाईनं बाईवर की पुरुषानं पुरुषावर, यावरूनही त्याला नोकरीत वेगळं वागवायचं नाही. साहेबांनी त्या कायद्याचा कागद चहाच्या खोलीत लावला, कारण लावणं सक्तीचं होतं. लावला मात्र चहाच्या मोठ्या पिंपामागे, वाफेत. लावता लावता म्हणाले, "आपल्याला याचा उपयोग नाही म्हणा. आपल्याकडे तसलं कुणी नाही."

मॅलकी कपात दूध ओतत होता. तो म्हणाला, "आधी कॅथलिकही नव्हते, साहेब."

साहेब याही विनोदाला हसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मर्व्हिनला भट्टीपाशीच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. इस्पितळातून घरी आणल्यावर त्याला उठवायला, भरवायला माणूस हवं होतं. मॅलकीनं रजा मागितली. साहेब कायद्याचं पुस्तक घेऊन चहाच्या खोलीत आले. हरले नव्हते तोवर साहेबांना कायदा आवडायचा.

"घरच्या माणसाच्या आजारपणाला रजा आहे," ते म्हणाले, "एका घरात राहणाऱ्यालाही आहे. पण इथे स्पष्ट लिहिलंय, भाडेकरू वगळून. घरमालक आजारी पडला म्हणून भाडेकरूला रजा दिली तर बेकरी चालायची कशी?"

आम्ही सगळे चहा पीत बसलो होतो. मॅलकी उभा होता. त्याचा चेहरा इतका थकलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मी भाडेकरू नाही," तो म्हणाला.

"मग कोण आहेस?"

"मर्व्हिनचं जे कुणी आहे, ते मीच. आई गेल्यापासून मीच. नवरा-बायको असतात तसे राहतो आम्ही. आता द्या रजा."

टेसीनं हातातलं बिस्किट खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती पसरली.

"म्हणजे," ती म्हणाली, "मर्व्हिन कॅथलिक झाला?"

तिला समजावून सांगायला वेळ लागला. मीच सांगितलं, शेजारी बसत होते म्हणून. ती ऐकत राहिली, मग पुन्हा विचारलं, "पण चर्च नाही ना बदललं त्यानं?"

"नाही."

"मग ठीक," टेसी म्हणाली. सुटकेचा श्वास अर्धा सोडला, आणि मग कुठे तिच्या लक्षात आलं की ठीक नाहीये.

साहेबांनी रजा दिली. हवी तेवढी घे म्हणाले, आणि मागे न बघता बाहेर गेले.

मॅलकी परतला तेव्हा खिडकीतल्या तव्यावर साहेबांचा पुतण्या उभा होता. त्याच्या भाकऱ्या छपरावर घालायच्या लायकीच्या. मॅलकीला मागच्या अंगणात परातींच्या ढिगापाशी पाठवलं. थंडीत, नळाच्या पाण्यात. तरी तो रोज येत राहिला. वसंत ऋतू लागला आणि साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की परातींसाठी यंत्र घेतलंय, आता तुझं काम उरलं नाही. यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

साहेबांना वाटलं होतं, लाजेनंच गप्प बसेल. पण मॅलकीनं चहाच्या पिंपामागचा तो कागद रोज दूध ओतताना वाचलेला होता. गावात बहुधा तेवढ्या एकानंच. त्यानं बेलफास्टच्या न्यायाधिकरणात तक्रार केली.

आणि मग ड्रमकीलीत कधी न घडलेली गोष्ट घडली. फादर मलग्रू आणि पाद्री अर्व्हिन एकत्र आले. तीस वर्षं गोळ्या चालत होत्या तेव्हा या दोघांना एका व्यासपीठावर आणायला मंत्री आले, बिशप आले, अमेरिकेतून कोण कोण आले, पण दोघं रस्त्यात समोरासमोर आले तरी दुकानाच्या काचेत बघायचे. आता दोघांनी मिळून सभा घेतली. एकमेकांच्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नव्हता म्हणून गुरांच्या बाजारातली शेड घेतली. प्रार्थना कुणाची म्हणायची यावर एकमत होईना, म्हणून मूक प्रार्थना झाली. चहाची टेबलं दोन, किटल्या दोन. पण ठराव एक: असल्या माणसांना कायद्याचा आधार देऊ नये, गावाची बेकरी वाचवावी. तिथली सँडविचंही ग्लोव्हरसाहेबांनीच फुकट पुरवलेली होती. आमच्या साप्ताहिकानं पहिल्या पानावर दोघांचा हस्तांदोलनाचा फोटो छापला आणि वर मथळा दिला, 'सलोख्याची पहाट'.

मी तो अंक त्यांच्या घरी घेऊन गेले. मर्व्हिन खिडकीशी खुर्चीत होता. मॅलकीनं त्याला मथळा वाचून दाखवला.

"बघ रे, म्हाताऱ्या," तो म्हणाला, "अख्खं गाव जोडलं आपण. आणि साधं बोलावणंही नाही."

मर्व्हिनच्या तोंडाची एकच बाजू हसायची. ती हसली.

त्याच आठवड्यात मिरवणुकीच्या पथकाचा प्रमुख ढोल न्यायला आला. टोपी हातात धरून म्हणाला, "तुला आता वाजवता येत नाहीच, मर्व्हिन. पथकालाही जरा अवघड होतंय."

झटक्यानंतर मर्व्हिनचे तीन-चार शब्द परत आले होते. त्यातला एक त्यानं वापरला. "माझा," तो म्हणाला. मग डावा हात ढोलावर ठेवला आणि तो माणूस जाईपर्यंत उचलला नाही.

सुनावणीला मी साक्षीदार होते. मालकाविरुद्ध साक्ष म्हणजे माझीही नोकरी जाणार असं टेसीनं सांगितलं होतं, पण साक्षीदाराला त्रास द्यायचा नाही असंही पिंपामागच्या त्याच कागदावर होतं. बाहेर बाकावर बसले असताना साहेब आणि त्यांचा वकील माझ्या पाठीमागेच बोलत होते. साहेबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात.

वकील म्हणाला, "तो तसला आहे म्हणून काढलं, हे तोंडातून निघू देऊ नका."

"मग कॅथलिक आहे म्हणून काढलं असं सांगू."

"तेही बेकायदा आहे, साहेब. आधीपासून."

साहेब म्हणाले, "मग माणसानं माणसाला काढायचं तरी कशावरून?"

"कामावरून. त्याचं काम वाईट होतं असं सांगा. भाकरी बिघडायची, गिऱ्हाइकं तक्रार करायची."

"असं कसं सांगू?" साहेबांचा आवाज चढला. "त्याच्यासारखी भाकरी या परगण्यात कुणी करत नाही. मी भाकरीबद्दल खोटं बोलणार नाही."

या एका गोष्टीसाठी मी सॅम्युअल ग्लोव्हरना अजून मान देते. बाकी सगळ्याबद्दल ते आत जाऊन खोटं बोलले.

अध्यक्षस्थानी एक बारीक आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "त्यांना खिडकीतून मागे का पाठवलं?"

"गिऱ्हाइकांना आवडलं नसतं, मॅडम."

"कुणी तक्रार केली?"

"केली असती."

"डेव्हेनी पहिल्यांदा कामाला आले तेव्हा, ते कॅथलिक म्हणून, कुणी तक्रार केली होती?"

"केली होती की. पुष्कळांनी."

"तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, कायदा आहे, मी काय करणार."

"मग?"

"मग खाल्ली त्यांनी भाकरी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग या वेळीही तेच सांगायला काय हरकत होती, मिस्टर ग्लोव्हर?"

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता. इतकी वर्षं तेच वाक्य साहेबांच्या जिभेवर होतं, आणि गरज पडली तेव्हा आठवलं नाही.

मॅलकी जिंकला. साहेबांना भरपाई द्यावी लागली, माफी मागावी लागली. परत कामावर ये म्हणाले, तर मॅलकी म्हणाला, "घरी माणूस आहे." त्यानं स्वयंपाकघरातच तवा मांडला आणि शनिवारच्या बाजारात एक टेबल लावलं. पहिल्या शनिवारी कुणी गेलं नाही. दुसऱ्या शनिवारी एक बाई इकडेतिकडे बघत आली आणि भाकरी कोटाच्या आत लपवून घेऊन गेली. पुतण्याच्या भाकऱ्यांनी गावाचे दात आधीच दमवले होते. उन्हाळा संपेपर्यंत रांग लागली. त्या रांगेत फादर मलग्रूंच्या घरची स्वयंपाकीण होती, पाद्री अर्व्हिनांच्या पत्नीही होत्या, आणि दोघींमध्ये अंतर राखायला मधे एक अनोळखी माणूस होता.

आता तर बेकरी पुतण्या चालवतो. दर उन्हाळ्यात तो काउंटरवर समलिंगींच्या इंद्रधनुषी झेंड्याच्या रंगांचे बन मांडतो, आणि बाहेरून आलेल्यांना सांगतो की समानतेच्या बाबतीत आमची बेकरी या भागात पहिली. एका अर्थी खरंच आहे. या कायद्याखाली हरलेली पहिलीच.

मर्व्हिन आणखी सहा-सात वर्षं जगला. त्याआधी दोघांनी नगरपालिकेत जाऊन एकमेकांचे जोडीदार म्हणून सह्या केल्या. मर्व्हिननं डाव्या हातानं केली. मी आणि टेसी साक्षीदार. टेसी नवी टोपी घालून आली होती आणि सबंध वेळ रडत होती, का ते तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

मर्व्हिन गेला तेव्हा मॅलकीबरोबर मीच दफनभूमीच्या कचेरीत गेले. दफनभूमी नगरपालिकेची, सगळ्यांची. तरी फाटकातून आत गेलं की डावीकडे आम्ही आणि उजवीकडे ते. तसा कुठेही नियम नाही. खिडकीतल्या पोरीनं विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

"दोघांची जागा हवी," मॅलकी म्हणाला. "तो तिकडचा, मी इकडचा."

पोरगी गोंधळली. आतून वरच्या साहेबाला बोलावून आणलं. त्यानं नकाशा पाहिला, डोकं खाजवलं. "कायद्यानं आम्ही तुम्हाला कुठेही नाही म्हणू शकत नाही," तो म्हणाला, "पण मधे तर रस्ता आहे."

शेवटी मर्व्हिनला आमच्या बाजूला, रस्त्याला लागून पहिल्या रांगेत जागा मिळाली, आणि शेजारची जागा मॅलकीच्या नावानं ठेवली. आमच्या बाजूच्या काही जणांनी नगरपालिकेत जाऊन विचारलं की कॅथलिक माणूस इथे कसा. त्यांना उत्तर मिळालं, कायदा आहे. तो मर्व्हिनचा कोण लागतो, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

मॅलकी सत्तरी ओलांडून गेलाय. फादर मलग्रू आणि पाद्री अर्व्हिन दोघंही गेले. त्यांच्या जागी आलेले नवे दोघं त्याच्याकडे येतात, एक मंगळवारी आणि एक गुरुवारी, आणि पश्चात्ताप कर म्हणून त्याला आपापल्या बाजूनं समजावतात. परवा मी त्याला म्हटलं, "दोघांना एकाच दिवशी बोलाव ना, तुझा त्रास वाचेल."

तो भाकरी उलटवत म्हणाला, "नको. एकत्र आले की ठराव करतात."